चौपाटीवरची नाकाबंदी

चर्नी रोडला उतरा, पूल ओलांडून समुद्राच्या अंगाला या आणि उजवीकडे चालू लागा. बुधवार, २६ नोव्हेंबर २००८. रात्रीचे सव्वानऊ. तुमच्या खिशातला फोन इथे मुकाट पडून राहील. आजूबाजूच्यांच्या हातात बटणांचे नोकिया आहेत आणि बातम्या अजून एसेमेसनं फिरतात. वांद्रे-वरळीचा सागरी सेतू अजून बांधून व्हायचाय, तो पुढच्या जूनमध्ये उघडेल. मुख्यमंत्री विलासराव आहेत, गृहखातं आर. आर. आबांकडे आहे. अमावास्या तोंडावर आल्यामुळे आकाशात चंद्र नाही. रस्त्यावरच्या दिव्यांच्या रांगेपलीकडे समुद्र नुसता काळा आहे.

पानवाल्याच्या छोट्या टीव्हीसमोर दहाबारा माणसं उभी आहेत. कटकला इंग्लंडविरुद्धचा पाचवा एकदिवसीय सामना चालू आहे, इंग्लंडनं केलेल्या २७० धावा आपण आरामात गाठणार अशी चिन्हं आहेत. भेळवाले, कुल्फीवाले, मालिशवाले, बाकांवर पाठमोरी बसलेली जोडपी, सगळं नेहमीचंच. तुम्हाला मात्र ठाऊक आहे की याच वेळी तिकडे कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी रबरी होडीतून आलेले दहा जण जड पिशव्या घेऊन दोघादोघांनी शहरात निघालेत. ते कुणाला सांगून पाहा. ‘दोन पोरं बंदुका घेऊन सीएसटीत शिरणार आहेत’ हे वाक्य आज रात्री सव्वानऊला ऐकणारा माणूस तुमच्याकडे बघून हसेल आणि पुन्हा टीव्हीकडे वळेल. म्हणून गप्प राहा आणि बघा.

दहाच्या सुमारास पहिल्या बातम्या येतात त्या धड बातम्याही नसतात. कुलाब्यात गँगवॉर झालंय, लिओपोल्डमध्ये गोळीबार झालाय, सीएसटीला फटाके फुटले की सिलिंडर, कुणालाच नीट माहीत नाही. पानवाला क्रिकेटवरून बातम्यांच्या चॅनेलवर जातो आणि मग परत येत नाही. मुंबईकर गर्दीत वाढलेला असतो, घाबरायला त्याला वेळ लागतो. ११ जुलै २००६ ला लोकलमधले स्फोट बघितलेलं हे शहर आहे. आधी घरी फोन, मग गाडी चालू आहे का याची चौकशी, आणि मग जमेल तशी घरची वाट. साडेदहा-अकरापर्यंत चौपाटी रिकामी होते. विलेपार्ल्यात टॅक्सी उडाली, माझगावला उडाली, ताज, ट्रायडंट, नरिमन हाऊस अशी ठिकाणांची यादी वाढत जाते.

तुम्ही इथेच थांबा. सीएसटीला जायचं मनात आलं तरी जाऊ नका. तिथे जे घडतंय ते पुढे तुम्ही इतक्या वेळा पडद्यावर पाहिलेलं आहे की पुन्हा पाहून काही हाती लागणार नाही. मोठ्या हॉलमध्ये दोघं जण बॅगांवर, लहान मुलांवर, झोपलेल्या माणसांवर गोळ्या झाडतायत. अनाउन्सरच्या केबिनमधून विष्णू झेंडे लोकांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगतायत आणि त्या आवाजावर कितीतरी जण वाचतायत. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथेच पडलेत. पन्नासहून जास्त माणसं गेली. मग ते दोघं पुलावरून कामा रुग्णालयाच्या बाजूला गेले, तिथे गच्चीवर पोलिसांशी चकमक झाली, आणि बाहेर पडल्यावर रंगभवनच्या गल्लीत त्यांनी एका क्वालिसवर गोळ्यांचा पाऊस पाडला. त्या गाडीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर होते. एका गल्लीत, मिनिटा-दोन मिनिटांत, मुंबई पोलीस दलाची एवढी मोठी माणसं संपली. कामटेंच्या हातून सुटलेल्या गोळ्यांनी त्या दोघांपैकी एकाचा, कसाबचा, हात मात्र जखमी झाला होता, हे लक्षात असू द्या.

क्वालिसच्या मागच्या भागात सहकाऱ्यांच्या देहांखाली एक शिपाई जिवंत होता. अरुण जाधव. दोघा हल्लेखोरांनी पुढच्या तिघांचे मृतदेह रस्त्यावर टाकले, गाडी ताब्यात घेतली आणि जाधवांना मेलेलं समजून तसंच सोबत नेलं. मेट्रोच्या चौकात त्यांनी चालत्या गाडीतून गोळ्या झाडल्या. पुढे टायर गेल्यामुळे क्वालिस सोडून मंत्रालय-विधानभवनाच्या परिसरात त्यांनी एक चंदेरी स्कोडा हिसकावली. ते उतरून गेल्यावर जाधवांनी वायरलेसवरून कळवलं. चौपाटीच्या नाकाबंदीला स्कोडाची खबर मिळते ती अशी, एकामागून एक माणसं पडत असताना शेवटच्या जिवंत माणसानं पुढच्याला दिलेली. या रात्रीबद्दल बोलताना यंत्रणा कोलमडली असं म्हणायची पद्धत आहे आणि बरीचशी ती कोलमडलीच होती. पण हा एक धागा तुटला नाही.

आता बारा वाजून गेलेत. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या लोकांनी विनोली चौपाटीपाशी रस्ता अडवलाय. न्यायालयाच्या कागदांत जागेचं नाव हेच येतं. लोखंडी बॅरिकेड आडवी लावून गाडीला एकाच अरुंद वाटेनं जाता येईल अशी व्यवस्था केलीय. जवळ जा. तुम्ही कुणाला दिसणार नाही.

जमलेल्या माणसांकडे नीट बघा, कारण उद्यापासून त्यांची छायाचित्रं नुसती चेहऱ्यांची असतील. सहायक निरीक्षक हेमंत बावधनकर आहेत, सहायक निरीक्षक संजय गोविलकर आहेत, भास्कर कदम आहेत. अधिकाऱ्यांपाशी पिस्तुलं आहेत. बाकीच्यांच्या हातात काय आहे? लाठी. दंगलीत गर्दी पांगवायला, गणपतीत रांगा लावायला, थर्टी फर्स्टला पोरांना घरी हाकलायला वापरतात तीच. दोन कलाश्निकोव्हवाल्यांसाठी एवढंच. पुढे राम प्रधान समितीनं या रात्रीची चौकशी केली तेव्हा शस्त्रखरेदीतली रखडपट्टी आणि गोळीबाराच्या सरावाची हेळसांड या गोष्टी अहवालात आल्या. त्या इथे, या बॅरिकेडपाशी, तुम्हाला अहवाल न वाचता दिसतायत.

लाठी घेतलेल्यांपैकी एक आहेत तुकाराम गोपाळ ओंबळे. खांद्यावर एकच चांदणी आणि फीत, म्हणजे सहायक फौजदार. ही जागा कशी मिळते ते पोलीस लाइनीत राहिलेल्या कुणालाही विचारा. शिपाई, नाईक, हवालदार असं करत वर्षं घालवायची, मग ती चांदणी येते. तोवर पोरं मोठी झालेली असतात, गुडघे बोलायला लागलेले असतात. ठाण्याची हद्द या माणसाला गल्लीबोळासकट पाठ असते, नवा साहेब बदलून आला की त्याला हद्द दाखवायला हाच जातो, आणि वर्तमानपत्रात याचं नाव कधी येत नाही.

ओंबळे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातले, गाव केडंबे. हा डोंगराळ मुलूख. भातखाचरं थोडी, पाऊस उदंड, आणि घरटी कुणी ना कुणी मुंबईत नाहीतर फौजेत. ओंबळे दोन्हीकडे गेले. आधी लष्कराच्या सिग्नल दळात नोकरी करून नाईक म्हणून निवृत्त झाले, मग १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत भरती झाले. घर वरळीला पोलीस वसाहतीत, पत्नी आणि चार मुली. आज त्यांची रात्रपाळी. २००८ मध्ये पोलिसाची पाळी म्हणजे बारा तास, आणि बंदोबस्त लागला की त्याला शेवट नाही. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना सुरू झाला, तोही एका शिपायानंच मांडलेल्या कल्पनेवरून. ओंबळे त्या आधीच्या काळातले.

वॉकीटॉकी खरखरतो. चंदेरी स्कोडा, आत दोघं, मरीन ड्राइव्हवरून चौपाटीकडे.

स्कोडा येतेय. तिच्या डाव्या हाताला काळा समुद्र, उजवीकडे जिमखान्यांची रांग. त्यातच पोलीस जिमखाना आहे. पुढे कितीतरी वर्षं या रात्रीच्या शहीद पोलिसांना मानवंदना तिथल्या स्मारकापाशी दिली जाईल. गाडी त्याच्यावरून निघून जाते. रस्ता एवढा मोकळा मुंबईत कधी नसतो. बॅरिकेड ओलांडलं तर पुढे मलबार हिलचा चढ लागतो, राजभवन, मंत्र्यांचे बंगले, झोपलेल्या इमारती. बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्यांना आतल्या दोघांची नावं माहीत नाहीत, ते कुठले आहेत माहीत नाही, गाडीत काय आहे तेही माहीत नाही. अडवायची, एवढंच माहीत आहे.

साडेबारा उलटून गेल्यावर दिवे दिसतात. गाडी बॅरिकेडच्या अलीकडे पन्नासेक फुटांवर थांबते. पोलीस दिवे मंद करायला, आतला दिवा लावायला ओरडून सांगतायत. उलट हेडलाइट प्रखर होतात. काचेवर पाण्याचे फवारे उडतात, वायपर फिरायला लागतात, आणि आतलं जे थोडंफार दिसत होतं तेही दिसेनासं होतं. ही युक्ती कुणीतरी शिकवलेली असणार, गोंधळलेल्या माणसाला ती सुचत नाही. डोळ्यांवर हात धरून उभे राहा. पोलीस तसेच उभे आहेत.

मग गाडी उसळते. उजवीकडे वळून दुभाजकावरून परत फिरायचा प्रयत्न करते आणि दुभाजकावरच अडकते. इथून पुढे सगळं फार भराभर होतं. चालवणारा इस्माईल खान गोळी झाडतो, बावधनकर आणि कदम त्याच्यावर झाडतात, तो कोसळतो. डावीकडचं दार उघडतं. दुसरा बाहेर येतो, शरण आल्यासारखा, धडपडल्यासारखा. पोलीस त्याच्याकडे धावतात. त्याच्याजवळ एके-४७ आहे.

ओंबळे सर्वांत पुढे आहेत. ते बंदुकीची नळी धरतात.

इथे थोडं थांबा. हे चित्र तुम्ही इतक्या भाषणांत ऐकलंय की ते जसं घडलं तसं आता दिसत नाही. एके-४७ ची नळी हातात धरणं म्हणजे काय ते समजून घ्या. गोळ्या सुटायला लागल्या की नळी तापते आणि हिसके देते. माणसाचा हात ते सोडायला बघतो, ती शरीराचीच सवय आहे. ओंबळे फौजेत राहिलेले होते, बंदूक काय असते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पोटाशी नळी, चापावर दुसऱ्याचं बोट. गोळ्या त्यांच्या अंगात जातात आणि ते नळी सोडत नाहीत. त्यांच्या मागे जे पोलीस आहेत, हातभर अंतरावर, त्यांच्याकडे ती नळी वळत नाही. एक गोळी गोविलकरांच्या कमरेला लागते. बाकीचे लाठ्या घेऊन त्या पोरावर तुटून पडतात.

किती गोळ्या लागल्या याची गणती गेल्या काही वर्षांत वाढत गेलीय. कुणी वीस सांगतं, कुणी चाळीस. फिरत्या संदेशांत ओंबळे सिनेमातल्या नायकासारखे संवादही म्हणतात. मला या वाढीव हिशेबाचा राग येतो. घडलं त्यात भर घालण्यासारखी जागाच नाही. गोळ्या किती, यानं काय फरक पडतो? सुटली नाही ती पकड.

आता जे होतं त्याकडे भाषणांत दुर्लक्ष होतं, म्हणून तुम्ही जरा जवळून बघा. समोर आपला माणूस रक्तात पडलाय. शहरात तासा-तासाला पोलीस मेल्याच्या बातम्या आहेत. हातात लाठ्या आहेत आणि मारणारा जमिनीवर सापडलाय. अशा वेळी लाठी थांबत नाही, आणि ती थांबली नाही म्हणून त्या रात्री कुणी कुणाला दोषही दिला नसता. गोविलकर, स्वतः जखमी, सहकाऱ्यांना आवरतात. याला मारू नका, हा पुरावा आहे, असं सांगतात. लाठ्या थांबतात.

फौजेत आणि पोलिसांत हाच फरक आहे असं मला वाटतं. सैनिकाला समोरचा शत्रू असतो आणि त्याला निकामी करणं हे त्याचं काम. पोलिसाला समोरचा आरोपी असतो. त्याला धरायचं, दवाखान्यात न्यायचं, पंचनामा करायचा, कोर्टात उभं करायचं. फौजेतून आलेल्या ओंबळ्यांनी आयुष्याच्या शेवटच्या मिनिटाला जे केलं ते शंभर टक्के पोलिसाचं काम होतं. त्यांनी माणूस धरला.

दोघाही हल्लेखोरांना नायर रुग्णालयात नेतात. इस्माईल खान मेलेला असतो, कसाब जिवंत. ओंबळ्यांना हरकिसनदास रुग्णालयात नेतात, चौपाटीपासून ते फार लांब नाही. ते वाचत नाहीत. तारीख एव्हाना २७ नोव्हेंबर झालीय. ताज आणखी दोन दिवस पेटत राहील, सारं जग तिकडे बघत राहील. विनोली चौपाटीपाशी एक चंदेरी गाडी दुभाजकावर तिरकी उभी आहे.

आता भराभर पुढे चला, पुढचं बहुतेक तुम्हाला माहीत आहे.

हल्लेखोरांजवळ हिंदू नावांची बनावट ओळखपत्रं सापडली. दहाही जण मेले असते तर ती ओळखपत्रं किती वर्षं कितीजणांना पुरली असती, याचा अंदाज तुमचा तुम्ही करा. एक जिवंत राहिला. त्यानं गावाचं नाव सांगितलं, कुठे शिक्षण घेतलं ते सांगितलं, कराचीहून समुद्रमार्गे निघाल्याचं आणि वाटेत ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट ताब्यात घेतल्याचं सांगितलं. आधी हात झटकणाऱ्या पाकिस्तानला ७ जानेवारी २००९ रोजी कसाब आपला नागरिक असल्याचं मान्य करावं लागलं. फेब्रुवारीत त्यांच्या गृहखात्याच्या प्रमुखांनी कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचं कबूल केलं. परराष्ट्र खात्यातल्या कितीजणांनी कितीदा कागद पाठवले असते तरी जे झालं नसतं, ते चौपाटीवर लाठी घेऊन उभ्या असलेल्या एका सहायक फौजदारानं घडवलं.

२६ जानेवारी २००९. दिल्ली, राजपथ. थंडी आहे. पंतप्रधान मनमोहन सिंग नाहीत, दोन दिवसांपूर्वीच त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालीय. पाहुणे म्हणून कझाकस्तानचे अध्यक्ष नजरबायेव बसलेत. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील अशोकचक्र देतायत. करकरे, कामटे, साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन, हवालदार गजेंद्रसिंग, आणि तुकाराम ओंबळे. शांतताकाळातला देशातला सर्वोच्च शौर्यसन्मान. ओंबळ्यांच्या पत्नी पुढे होतात. एरवी या मानकऱ्यांच्या यादीत बहुतेक फौजेतली माणसं असतात. बॅरिकेडवरचा सहायक फौजदार त्यांच्या ओळीत येतो तो असा.

तिथून आर्थर रोड तुरुंग. खास बांधलेल्या न्यायालयात न्यायाधीश एम. एल. टहलियानी बसतात, सरकारी बाजू उज्ज्वल निकम मांडतात. अकरा हजारांहून जास्त पानांचं आरोपपत्र. साक्षी सुरू झाल्या तेव्हा सरकार पक्षानं पहिला साक्षीदार उभा केला तो चौपाटीवरच्या नाकाबंदीतला, भास्कर कदम. सीएसटीपासून नाही, ताजपासून नाही, खटला सुरू झाला तो त्या बॅरिकेडपासून. कसाब आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेला असतो. कधी हसतो, कधी रडतो, कधी कबुली देतो आणि कधी ती फिरवतो. त्याला वकील मिळतो. आपण अल्पवयीन आहोत असं तो म्हणतो तर त्याच्या वयाची वैद्यकीय तपासणी होते. ‘याला कशाला पोसताय’ असं बाहेर लोक चिडून म्हणतात, तुम्हीही म्हटलं असेल. ३ मे २०१० ला निकाल येतो. कसाब दोषी. त्याच्याबरोबरचे दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष. हा दुसरा भाग लोक विसरतात, पण पहिल्या भागाला वजन येतं ते त्यामुळेच. जिथे सुटका होऊ शकते तिथेच झालेल्या शिक्षेला शिक्षा म्हणता येतं. ६ मे रोजी फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं २१ फेब्रुवारी २०११ ला ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ ला. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. पकडल्यापासून जवळजवळ चार वर्षं. पोलिसानं धरलेल्या माणसाचं कायद्यानं काय करायचं असतं ते पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत झालं.

ओंबळ्यांचं स्मारक कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी आधी त्या निकालाकडे बोट दाखवेन. कुणी कवितेत गुंफलं नाही, चित्रात रंगवलं नाही असं ते स्मारक आहे. तो निकाल पंधराशेहून जास्त पानांचा आहे. त्यात त्यांचा उल्लेख साध्या कायदेशीर भाषेत येतो, कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कुणाच्या गोळीनं मृत्यू. बस.

बाकी स्मारकंही आहेत. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलं, ‘आयशियस तुकारामी’. हा कोळी जाळं विणून बसत नाही. समोरून झेप घेतो आणि धरतो. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही ठाऊक नाही, पण सरकारी समित्यांनी सुचवलेल्या कितीतरी नावांपेक्षा ते जास्त जुळलंय.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली याच तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले, त्याची ही आठवण. मुंबईत नायगावच्या पोलीस मैदानावर संचलन होतं आणि त्या वर्षभरात देशात कामावर असताना मृत्यू पावलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. कधी सकाळी वेळ काढून जा. नावं वाचायला किती वेळ लागतो ते तिथे उभं राहून कळतं. त्यात अतिरेक्यांशी लढलेले असतात, गडचिरोलीत भूसुरुंगात गेलेले असतात, आणि नाकाबंदीवर उभे असताना भरधाव गाडीनं उडवलेलेही असतात. या शेवटच्यांना पदकं मिळत नाहीत, पुतळे उभे राहत नाहीत. त्यांच्यासमोर अतिरेकी नव्हता, दारू पिऊन चालवणारा कुणीतरी होता, एवढाच फरक. काम तेच होतं. रस्त्यावर उभं राहायचं आणि येणाऱ्या गाडीला हात करायचा, आत कोण आहे ते माहीत नसताना.

चला, परतीची वेळ झाली. आजच्या तारखेत या. गाडी काढलीत, जेवून घरी निघालात, साडेबाराला पुढे बॅरिकेड लागलं आणि पावसात किंवा उकाड्यात उभ्या असलेल्या शिपायानं टॉर्च हलवला, तर एवढं करा. हेडलाइट मंद करा, आतला दिवा लावा, काच खाली घ्या, डिकी उघडायला सांगितली तर उघडा. कुणा नगरसेवकाला फोन लावू नका. आणि ‘मी कोण आहे माहीत आहे का’ असं विचारू नका. त्याला माहीत नाही, म्हणूनच तर त्यानं तुम्हाला थांबवलंय.